प्रौढ श्वानाचे शिक्षण

पक्ष्यांच्या शिकारीत मनुष्याला साथ देणारी कुत्री पाश्चात्त्य देशांत अनेक पिढ्यांच्या निवडीतून तयार झाली. त्यांची कामे भिन्न आहेत. पॉइंटर जातीचे कुत्रे पक्ष्याचा वास येताच जागच्या जागी थबकते आणि त्या दिशेने नाक रोखून उभे राहते; सेटर खाली दबून बसतो; स्पॅनिअल झुडपांत शिरून पक्षी उठवतो; रिट्रीव्हर पडलेला पक्षी दात न रुतवता उचलून धन्याच्या हाती आणून देतो. या सर्वांत समान असणारा गुण म्हणजे संयम होय. भक्ष्य समोर असताना त्यावर झेप न घेणे, हेच या शिक्षणाचे सार आहे.

दक्षिण भारतातील शिकारी कुत्र्यांची परंपरा याहून वेगळी आहे. मुधोळ संस्थानचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी जिचे संवर्धन केले, ती मुधोळ जात नाकापेक्षा डोळ्यांवर विसंबते. सडपातळ बांध्याचे हे कुत्रे दूरवरचा ससा पाहते आणि वेगाने त्याचा पाठलाग करते. २००५ साली भारतीय टपाल खात्याने ज्या चार देशी जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. अशा कुत्र्याकडून पॉइंटरचे काम अपेक्षिणे व्यर्थ होय. म्हणून शिक्षकाने प्रथम आपल्या विद्यार्थ्याचा उपजत कल ओळखला पाहिजे.

येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. बंगळूरच्या परिसरातील तलावांवर हिवाळ्यात पाणलावे आणि बदके उतरतात. माळावर तित्तिर आणि लावे आढळतात. पूर्वी या जागा शिकाऱ्यांच्या आवडीच्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध घातले, तरी काही प्राणी व पक्षी परवाना घेऊन मारता येत असत. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. या अधिनियमातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. तीत ठार मारण्याबरोबरच पकडणे, पाठलाग करणे आणि हाकणे यांचाही अंतर्भाव होतो. म्हणजे बंदूक घरी ठेवून केवळ कुत्रा पक्ष्यांमागे सोडला, तरी दोष टळत नाही. तेव्हा या नगरातील श्वानप्रेमिकाने शिकारी कुत्र्याची विद्या घ्यावी, पण तिचा हेतू बदलावा. कुत्र्याने शोधावे, थांबावे, आणून द्यावे. मात्र शोधावयाची वस्तू कापडी पिशवी असावी आणि पक्षी दुर्बिणीतून पाहावा.

आता विद्यार्थ्याचा विचार करू. क्रिस्टल रॉजर्स यांनी १९९१ साली बंगळूर येथे ‘क्यूपा’ ही प्राणिसेवी संस्था स्थापन केली. अशा आश्रयस्थानांतून घरी येणारे कुत्रे बहुधा वयाने मोठे असते आणि त्याचा पूर्वेतिहास अज्ञात असतो. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या सामाजिक घडणीच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा असतो. या काळात ज्याने माणसाचा प्रेमळ स्पर्श अनुभवला नाही, त्याच्या मनात भीती खोल रुजते. परंतु याचा अर्थ प्रौढ कुत्रे शिकत नाही असा नव्हे. ते शिकते, मात्र नवे शिकण्याबरोबर जुने भय विसरण्याचे ओझेही त्याला वाहावे लागते.

पहिले काही आठवडे शिक्षण नव्हे, तर विश्रांती द्यावी. पशुवैद्याकडून तपासणी करावी, रेबीजची लस टोचावी, गोचिडांचा बंदोबस्त करावा. जेवणाची, फिरण्याची आणि निजण्याची वेळ ठरलेली असावी. नियमित दिनक्रमातूनच विश्वास उपजतो.

त्यानंतर पहिला धडा हाकेचा. नाव घेताच कुत्र्याने वळून पाहिले की त्याच क्षणी खाऊ द्यावा. विलंब झाल्यास बक्षीस कशाबद्दल मिळाले हे त्याला उमगत नाही. धडा पाच मिनिटांहून लांबवू नये. मोकळ्या जागी दहा मीटरचा दोर बांधून हाक मारावी. बोलावून कधीही शिक्षा करू नये. एकदा मार खाल्लेले कुत्रे पुढच्या हाकेला जवळ येताना शंभर वेळा विचार करते.

दुसरा धडा थांबण्याचा. प्रथम थोडा वेळ, मग अधिक वेळ. नंतर थोडे अंतर, मग अधिक अंतर. शेवटी आसपासची गडबड. या तीन गोष्टी एकाच वेळी वाढवू नयेत. कुत्रे चुकले तर एक पायरी मागे यावे, कारण ती चूक बहुधा शिक्षकाच्या घाईची असते.

तिसरा धडा शोधण्याचा. काथ्या भरलेली कापडी पिशवी प्रथम डोळ्यांदेखत टाकावी, पुढे गवतात लपवावी. कुत्र्याला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न्यावे, म्हणजे गंध त्याच्याकडे वाहत येतो. पिशवी आणल्यावर ती हिसकावून न घेता खाऊच्या मोबदल्यात घ्यावी.

मोठ्या आवाजाची भीती ही अशा कुत्र्यांची नेहमीची व्यथा असते. दिवाळीच्या फटाक्यांत ती उफाळून येते. दूरचा, मंद आवाज आणि लगेच आवडते अन्न, अशा क्रमाने ती हळूहळू कमी करता येते. भ्यालेल्या कुत्र्याला आवाजाच्या जवळ ओढून नेल्यास ती अधिकच दृढ होते.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष पक्ष्यांची. येथे दोर कदापि सोडू नये. टिटवीसारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. क्षणभराच्या धावेत एक अख्खे घरटे नष्ट होऊ शकते. म्हणून विणीच्या हंगामात माळाकडे व तलावाच्या काठाकडे कुत्र्याला नेऊच नये. इतर वेळी पक्षी दूर असतानाच थांबावे आणि कुत्र्याने त्यांच्यावरची नजर काढून धन्याकडे वळविली की तिचे भरघोस कौतुक करावे.

काही कुत्री या परीक्षेत कधीच उत्तीर्ण होत नाहीत. त्यांच्या बाबतीत पिशवी शोधण्याच्या खेळावर समाधान मानावे. अपयशाबद्दल आश्रयस्थानात परत धाडणे हा त्यांच्यावरील दुसरा अन्याय ठरेल. जी शिकतात, ती मात्र दुहेरी लाभ देतात. चिखलातून पाणलावा वेडीवाकडी वळणे घेत उडून जातो, आणि कुत्रे दोर न ताणता उभे राहून त्याच्याकडे पाहते. पक्षी सुरक्षित राहतो आणि एकेकाळी टाकून दिलेल्या प्राण्याला सोबतीचा हक्क मिळतो.