दावं द्यायचं नसतं

शहादा
८ नोव्हेंबर २०२५

चि. बापू,

पत्रास कारण, तुझी मावशी. काल संध्याकाळी तिचा फोन आला. मिरचीचे भाव झाले, तिचे गुडघे झाले, आणि मग जाता जाता म्हणाली की धनतेरसला तू नवा कॉम्प्युटर घेतलास आणि जुना उद्या रविवारी भंगारवाल्याला बाराशेत द्यायचं ठरलंय. तेव्हापासून मला चैन नाही. मावशी राईचा पर्वत करते हे मला ठाऊक आहे. तुझ्या साखरपुड्यात तिने काय गोंधळ घातला होता ते विसरलेलो नाही. या वेळीही बातमी खोटी निघो. पण ती खरी असणार असंच वाटतं, कारण तू माझा भाचा आहेस.

रात्री तुला दोनदा फोन लावला, तू उचलला नाहीस. सकाळी एवढाच मेसेज टाकला की भंगारवाल्याला थांबव. तो बघितलास, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. म्हणून हे पत्र. नातू दुपारच्या एसटीने नंदुरबारला येतोय, त्याच्या हाती देतो.

नवा घेतलास याबद्दल माझं काही म्हणणं नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, तुझा जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, हे श्रावणात तूच मला समजावलं होतंस. माझा प्रश्न एकच आहे. हार्ड डिस्क काढलीस का?

तू म्हणशील, मामा, फॉरमॅट मारलं. अरे, चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला हे सांगू नकोस. हजेरीपटावरून नाव खोडलं म्हणून पोरगं बाकावरून उठत नाही. ते तिथंच बसलेलं असतं, दुसरं कुणी येऊन त्या जागी बसेपर्यंत. डिलीटचं तेच आणि साध्या फॉरमॅटचंही तेच. कॉम्प्युटर फक्त यादीतलं नाव खोडतो. मजकूर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून राहतो, आणि ज्याला कसब आहे तो फुकटच्या सॉफ्टवेअरने तो वर काढतो. विंडोजच्या रिसेटमध्येसुद्धा ड्राइव्ह साफ करायचा वेगळा पर्याय असतो, तो आपण होऊन निवडावा लागतो. त्याला कित्येक तास लागतात. तुला कधी धीर होता?

आणि त्या डिस्कवर तुझं एकट्याचं असतं तर मी दोन शिव्या घालून गप्प बसलो असतो. पण संध्याकाळी तुझ्या ओट्यावर कोण कोण येऊन बसतं ते मी पाहिलंय. कुणाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म, कुणाचा पीक विमा, कुणाची जात पडताळणी. आपल्या जिल्ह्यात शंभरातली जवळजवळ सत्तर माणसं आदिवासी. दाखल्यावाचून त्यांच्या पोरांचं पान हलत नाही. तू पैसे घेत नाहीस याचा मला अभिमान आहे, सूनबाईंना नसला तरी. पण ते सगळे आधार, पासबुकं, अंगठे, फोटो तुझ्या त्या ‘डाउनलोड्स’मध्ये ढिगाने पडलेत. पोळ्याला तुझ्याकडे माझा सातबारा शोधताना मला एका म्हातारीचं पासबुक सापडलं होतं, आठवतं? तू हसलास. मी हसलो नव्हतो.

देशातलं पहिलं आधार कुठे वाटलं? आपल्या तालुक्यात, टेंभलीला. २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. मी त्या गर्दीत उन्हात उभा होतो. तेव्हा त्या बारा आकड्यांचं काय होणार हे आम्हाला कुठं कळत होतं. आज रेशनपासून बँकेपर्यंत सगळं त्याला बांधलंय. ज्या तालुक्यात तो आकडा जन्मला त्या तालुक्याच्या भाच्याने शे-दोनशे माणसांचे आकडे हातगाडीवर टाकून द्यावेत?

जरा जास्त बोललो. पण भंगारवाल्याचं काय होतं तेही ऐक. तो बिचारा डिस्क उघडून बघत नाही. तो वजन करतो, कामाचे भाग पुढे विकतो, आणि उरलेल्या वायरी तांब्यासाठी नाल्याकाठी जाळतात, त्या धुराने डोळे झोंबतात. डिस्क मात्र त्या कामाच्या भागांत जाते. कुठे जाते, ते कुणालाच सांगता येत नाही.

हे मला कसं ठाऊक, ते आता सांगतो. फोनवर सांगता आलं नसतं.

माझा पहिला कॉम्प्युटर तुला आठवत असेल. २००३ साल. पगारवाढ अडकेल या धाकाने आम्ही मास्तर मंडळी एमएस-सीआयटीला बसलो होतो. सुरतेहून पॅसेंजरने आणला. मॉनिटर नंदुरबारपर्यंत मी मांडीवर धरला होता, पाय बधिर झाले. तुझ्या मामीने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि जुन्या पातळाचं झाकण शिवलं. तू सुट्टीत आलास की त्याच्यावर पिनबॉल खेळायचास आणि ‘वीज गेली’ म्हणून रडायचास.

२००७ च्या श्रावणात तुझी आई कानबाईच्या सणाला माहेरी आली होती. कानबाईची गाणी तिच्याइतकी आपल्या घरात कुणाला येत नव्हती, आजीलासुद्धा. मला काय सुचलं कुणास ठाऊक, रोट झाल्यावर दुपारी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि तो हेडफोनचा बारीक माइक तिच्या तोंडाशी धरला. एक्सपीमधला तो आवाज नोंदवायचा प्रोग्रॅम एका वेळी साठ सेकंदच घ्यायचा. गाणं रंगात यायचं आणि हिरवी रेघ सपाट व्हायची. ती म्हणायची, “तुझं यंत्र माझ्याआधी दमतं रे.” असे सतरा तुकडे झाले. एकेक गाणं तीन-तीन ठिकाणी तुटलेलं. नंतर जोडू म्हणून मी ते डी ड्राइव्हमध्ये ठेवले, ‘शाळा’ नावाच्या फोल्डरमध्ये, कारण उघडलेलं तेच होतं.

२०१० च्या दिवाळीत लॅपटॉप घेतला. जुना एक्स्चेंजमध्ये दिला, पंधराशे रुपये वळते झाले. दुकानदाराने विचारलं सुद्धा, “गुरुजी, आत काही ठेवायचंय का?” मी म्हणालो, “काही नाही, सगळं शाळेचंच आहे.”

दोन वर्षांनी तुझी आई गेली. तेराव्याच्या रात्री मला ते सतरा तुकडे आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. त्याने वही काढून पाहिली, माल सुरतेला गेला म्हणाला, कुणाकडे ते त्यालाही सांगता येईना. त्याचा दोष नव्हता. तू तेव्हा अठरा वर्षांचा होतास, जेवत नव्हतास. तुला हे सांगायची माझी छाती झाली नाही. पुढे दर कानबाईला सांगेन सांगेन म्हणत तेरा वर्षं काढली.

तर बापू, डिस्क काढ. चार स्क्रू असतात, तुझी लेकसुद्धा काढेल. यूएसबी केसिंगमध्ये घातली की नव्या कॉम्प्युटरवर सगळं दिसतं. लोकांची कागदपत्रं शोधून पुसून टाक, मग मोकळ्या जागेवर पुसायचं सॉफ्टवेअर एकदा पूर्ण फिरव. पासवर्ड क्रोममध्ये साठवलेले असतील, ते बदल. मोबाइलमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघ, जुन्यावर तुझं व्हॉट्सअ‍ॅप अजून उघडं असणार.

उरलेला कॉम्प्युटर भंगारात देऊ नकोस, मला दे. धडगावला माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याची मुलगी मराठी टायपिंग तीसच्या परीक्षेला बसतेय. क्लासमध्ये दिवसाला एक तास मिळतो, त्यातही वीज जाते. नवी एसएसडी टाकून लिनक्स घातलं तर तिचं काम मजेत होईल. एसएसडीचा खर्च माझा. तुझे बाराशेही मी देतो, सूनबाईंच्या हातात.

आपले आजोबा बैल विकायचे तेव्हा दावं कधी देत नसत. गिऱ्हाईकाने स्वतःचं दावं आणायचं. आपलं परत घरी येऊन खुंटीला लागायचं. लहानपणी मला तो कद्रूपणा वाटायचा.

सारंगखेड्याच्या यात्रेला तू लेकीला घोडे दाखवायला आणणारच आहेस. तेव्हा मुक्कामाला इकडे ये. ती डिस्क सुती रुमालात गुंडाळून आण, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आपण दोघं बसून एकेक फोल्डर उघडू. नाव काहीही असलं तरी उघडू. त्यात लेकीचं रांगणं असेल, दाजींचा आवाज असेल, तुलाही आता आठवत नसेल असं काही असेल.

मी रागावलो त्याचं मनावर घेऊ नकोस. रागावलो ते तुझ्यावर थोडं आणि त्या पंधराशेवर जास्त.

त्या सतरांतला नववा तुकडा मला अजून कानात आहे. मध्येच तिला ठसका लागला. थांबून तिने विचारलं, “हा खोकला काढता येतो का रे?” मी म्हटलं, “राहू दे.”

तुझा,
मामा

ता. क. कीबोर्डही दे. ‘क’ आणि ‘र’ ची अक्षरं झिजलीत म्हणून फेकशील. त्या मुलीला अक्षरांकडे न बघताच टंकायचंय.