आधी वेळापत्रक, मग रस्ता

पोरांनो, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत गाडी हाणत जायचं आणि वाटेत बेसबॉल बघायचा, हा तुमचा बेत झकास आहे. पण नकाशा उघडण्याआधी सामन्यांचं वेळापत्रक उघडा. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यातले ८१च घरच्या मैदानावर. तुम्ही डेन्व्हरला पोचाल आणि संघ गेलेला असेल बाहेरगावी. न्यूयॉर्क आणि शिकागोत दोन-दोन संघ आहेत, एक बाहेर असला तर दुसरा बहुधा घरी सापडतो. जुलैच्या मध्यात ऑल-स्टार सामन्याच्या आठवड्यात मात्र मोठी मैदानं तीन-चार दिवस ओस असतात. तेव्हा आधी चार-पाच सामने पक्के करा आणि त्यांच्याभोवती रस्ता आखा. रोज एक सामना गाठायचा हट्ट धरलात, तर ती सहल न राहता कुरिअरची नोकरी होईल.

दिशा निवडलीत ती चांगली. पश्चिमेकडे जाताना घड्याळ तीनदा एकेक तास मागे जातं, तेवढी सवड फुकट मिळते. सकाळी ऊन पाठीशी असतं, संध्याकाळी मात्र थेट डोळ्यांत येतं. म्हणून उजाडता निघा आणि दुपारी तीन-चारला मुक्कामी पोचा. आधी हॉटेलात सामान टाका, मग मैदानाकडे वळा. बॅगा दिसतील अशा गाडीत ठेवून सामन्याला जाऊ नका, सॅन फ्रान्सिस्कोत तर मुळीच नाही. तिथे काच फोडून सामान नेणं नवं नाही.

रात्रीच्या सामन्यानंतर पुढच्या गावाला निघू नका. २०२३ पासून पिचरवर घड्याळ लावलंय, त्यामुळे सामना अडीच-पावणेतीन तासांत उरकतो हे खरं, पण पार्किंगमधून बाहेर पडायला वेळ लागतोच. मालिकेचा शेवटचा सामना पाहुण्या संघाला पुढे जायचं असल्यामुळे पुष्कळदा दुपारी ठेवतात. तसा बुधवार-गुरुवारचा सामना मिळाला, तर तो बघून उजेडात दोन-तीन तास कापता येतात.

शिकागोत कब्स संघाचं रिग्ली फील्ड चुकवू नका. १९१४ चं मैदान, आणि १९८८ पर्यंत तिथे दिवेच नव्हते. दुपारचे सामने तिथे अजूनही बरेच होतात. बाहेरच्या भिंतीवर वेल चढलाय. चेंडू त्यात अडकून बसला तर बॅटरला दोन बेस मिळतात. तिथे गाडी नेऊ नका, रेड लाइनने अ‍ॅडिसन स्टेशनला उतरलात की मैदान समोरच.

शिकागो ते डेन्व्हर हजारएक मैल. हायवे ८० च्या त्या पट्ट्यात मोठ्या लीगचा एकही संघ नाही. कंटाळाल, पण इथेच खरी मजा आहे. आयोवात द मॉइनला कब्सचा सर्वांत वरच्या पायरीवरचा मायनर लीग संघ खेळतो, ओमाहाजवळ कॅन्सस सिटीचा. तिकीट स्वस्त, जागा खेळाडूंच्या पाठीशी. आज तिथे दिसलेला पोरगा पुढच्या आठवड्यात रिग्लीवर दिसू शकतो. फक्त सोमवारी जाऊ नका, मायनर लीगला बहुतेक सोमवारी सुट्टी असते. पुढे नेब्रास्कात लिंकनच्या पश्चिमेला रस्ता सत्तर-बहात्तर मैल सरळसोट आहे. झोप तिथेच येते. दर दोन तासांनी हात बदला, पेंग आली किंवा नाही आली तरी. नेवाडातही गावं लांब लांब आहेत, अर्धी टाकी झाली की गॅस भरा.

जागा घेताना ऊन बघा. बहुतेक मैदानं अशी बांधलेली असतात की संध्याकाळी सावली आधी तिसऱ्या बेसच्या बाजूला येते. डेन्व्हरला कूर्स फील्डवर वरच्या मजल्यावर हिरव्या खुर्च्यांमध्ये एकच जांभळी रांग दिसेल. ती समुद्रसपाटीपासून बरोबर ५२८० फुटांवर, म्हणजे एक मैल उंच. हवा विरळ, चेंडू लांब जातो. तो फार उडू नये म्हणून २००२ पासून तिथे चेंडू दमट हवेच्या खोलीत ठेवतात. पहिल्या दिवशी पाणी भरपूर प्या, धावपळ कमी करा. सॅन फ्रान्सिस्कोत मैदान खाडीच्या काठावर आहे. जुलै असला तरी जॅकेट न्या, नाहीतर सातव्या इनिंगला दात वाजतील.

गाडीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा असू द्या. बऱ्याच मैदानांवर एका माणसापुरतं घरचं खाणं आणि सीलबंद पाण्याची बाटली चालते, सॅक मात्र बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नियम मैदानागणिक वेगळे, आदल्या रात्री वाचा. तिकिटं फोनवरच असतात. दोन्ही एकाच्या फोनमध्ये ठेवू नका.

एकाने स्कोअरकार्ड लिहावं. खेळाडूंना जागेप्रमाणे आकडे असतात, पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग बाहेरचे तिघे डावीकडून ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला गेला आणि दोघे बाद झाले, की लिहायचं ६-४-३. बॅटर नुसता बघत राहून बाद झाला तर इंग्रजी के उलटा काढायचा. दोन इनिंगांत हात बसतो, आणि क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला खेळ आपोआप कळू लागतो. चेंडू प्रेक्षकांत आला तर तो तुमचा, परत द्यावा लागत नाही. पण तो सणसणत येतो, तेव्हा जाळीबाहेर बसलात तर फोन खिशात.

भाड्याची गाडी असेल तर दोघांचीही नावं करारात घाला. पंचविशीच्या आत असाल तर जादा पैसे पडतात, आणि गाडी दुसऱ्या गावी सोडायचे वेगळे. आधीच विचारून घ्या. खर्चाची वही एकच, हिशेब दर मुक्कामी. गाणी चालवणाऱ्याच्या पसंतीची. वाटेत कुणा मावशीकडे उतरलात तर एकच रात्र, आणि निघताना पांघरुणांची घडी घाला.

शेवटचं, आणि हे पाठ करा. दमलात तर सामना सोडा. एका हंगामात २४३० सामने होतात. तिकिटाचे पैसे गेले म्हणून डोळे ताणत दोनशे मैल मारायचे नाहीत. दोघांपैकी एकाने ‘आज नको’ म्हटलं, की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. हे निघण्याआधी एकमेकांना कबूल करा, मगच गाडीला किल्ली लावा.