शाकारलेल्या नौकेतील बुरशी : सफाई आणि प्रतिबंध

कोकण किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांत आंबा-काजूची बाग, थोडी भातशेती आणि मासेमारीची नौका असे व्यवसाय जोडीने चालतात. पावसाळ्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर हा काळ साधारणपणे १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा असून नेमक्या तारखा त्या त्या वर्षीच्या शासकीय आदेशात दिलेल्या असतात. या काळात नौका किनाऱ्यावर घेऊन शाकारून ठेवतात आणि घरची माणसे भाताच्या लावणीला लागतात.

बंदी संपता संपता केबिनचे दार उघडले की कोंदट वास येतो. फळ्यांवर काळे-हिरवे ठिपके, गादीवर पांढरा थर आणि लाइफ जॅकेटवर डाग दिसतात. हंगाम तोंडावर असल्याने घाईघाईने फडके मारून वर रंगाचा हात दिला जातो. येथेच चूक होते. रंगाने बुरशी झाकली जाते, मरत नाही. आत ओल राहिली तर रंगाखालील लाकूड कुजत राहते. म्हणून बुरशीची सफाई म्हणजे मुख्यतः ओलीचा बंदोबस्त, ही गोष्ट प्रथम लक्षात घ्यावी.

बुरशी का वाढते?

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते वाढण्यास ओल, अन्न आणि उबदार हवा लागते. पावसाळ्यात किनाऱ्यावरील हवेतील आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. नौकेत अन्नही भरपूर असते. लाकूड, कापड, दोर, धूळ, डिझेलचा व मासळीच्या तेलाचा चिकट थर यांवर बुरशी पोसली जाते. फायबरच्या नौकेतील फायबर कुजत नाही, तथापि त्यावरील मळावर बुरशी वाढतेच.

ओल टिकण्याचे आणखी एक कारण म्हणजे मीठ. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील बरणीत मिठाला पाणी सुटते, हे आपण पाहतो. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून घेते. समुद्राच्या पाण्याने धुतलेल्या केबिनच्या भिंतीवर, गादीत व दोरात हेच मीठ बसलेले असते. त्यामुळे छप्पर गळत नसतानाही आतील भाग ओलसर राहतो. नौका आतून गोड्या पाण्याने धुणे यासाठीच आवश्यक आहे.

बागायतदारांनी एक फरक ध्यानात ठेवावा. आंब्याच्या मोहोरावरील भुरी ही जिवंत पेशींवर जगणारी बुरशी आहे. नौकेतील बुरशी निर्जीव पदार्थांवर वाढते. म्हणून बागेतील गंधक किंवा अन्य बुरशीनाशक केबिनमध्ये फवारू नये. जेथे खलाशी झोपतात, जेवतात आणि मासळी ठेवतात तेथे अशी औषधे वापरणे धोक्याचे आहे.

नुकसान कोणते?

१. बुरशीच्या धुळीमुळे शिंका, खोकला व डोळ्यांची जळजळ होते. दम्याच्या रुग्णास त्रास वाढतो. खलाशी या केबिनमध्ये रात्री काढतात.

२. लाकडात ओलीचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास लाकूड कुजविणाऱ्या बुरशी शिरकाव करतात. फळ्या व वाक यांचे बळ कमी होते.

३. लाइफ जॅकेटची शिवण व पट्टे कमकुवत होतात. ऐन वेळी पट्टा तुटला तर जीवाशी गाठ असते.

आत उतरण्यापूर्वी

तळाचा किंवा मासळीचा बंद खण उघडल्याबरोबर आत उतरू नये. साचलेले पाणी व मासळीचे अवशेष कुजून विषारी वायू तयार होतो आणि प्राणवायू कमी होतो. कुजक्या अंड्यासारखा वास ही या वायूची खूण आहे. मात्र त्याचे प्रमाण जास्त असल्यास वास येईनासा होतो, म्हणून वास नाही यावर विसंबू नये. सर्व झाकणे आदल्या दिवशी उघडावीत, शक्य असल्यास पंख्याने बाहेरची हवा आत सोडावी आणि वर एक माणूस उभा ठेवावा. आतील माणसाला भोवळ आल्यास दुसऱ्याने तसेच खाली उडी घेऊ नये. दोघेही दगावण्याचा धोका असतो. तोंडाबाहेरूनच जोराने हवा सोडावी, उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधलेला असावा म्हणजे वरून ओढून काढता येते, आणि ताबडतोब मदत बोलवावी.

बॅटरीची जोडणी काढून ठेवावी. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि नाका-तोंडावर धूळ अडविणारा चांगला मास्क असावा. साधा रुमाल पुरेसा नाही.

सफाईचा क्रम

प्रथम गाद्या, दोर, जॅकेट, भांडी, कागदपत्रे असे सर्व सामान बाहेर काढावे. कोरडी बुरशी झाडूने झाडू नये. बीजाणू उडून सर्वत्र पसरतात. ओल्या फडक्याने पुसावी. नंतर कोमट गोड्या पाण्यात कपडे धुण्याची पावडर घालून मऊ ब्रशने वरपासून खालपर्यंत घासावे. चिकट तेलकट थर असल्यास धुण्याचा सोडा वापरावा. बहुतेक बुरशी या घासण्यानेच निघते. तेलकट मळ राहिला तर पुढील औषध बुरशीपर्यंत पोहोचत नाही.

यानंतर जागेनुसार पुढील उपाय करावेत.

फायबरचा पृष्ठभाग : १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत कालवावी. गाळ बसू द्यावा व वरचे निवळ पाणी वापरावे. ते लावून १० ते १५ मिनिटे ठेवावे आणि गोड्या पाण्याने दोन वेळा धुवावे. ॲल्युमिनियम, तांब्याच्या तारा व इंजिन यांवर हे पाणी पडू देऊ नये, कारण धातू गंजतो.

लाकूड : ब्लीचिंगच्या पाण्याने वरचा डाग फिका होतो, पण आत मुरलेली बुरशी शिल्लक राहते. म्हणून लाकूड रेषेच्या दिशेने घासून पूर्ण वाळवावे. त्यानंतर १ लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम टाकणखार विरघळवून केबिनच्या लाकडास दोन हात द्यावेत. पहिला हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. हे द्रावण मासळीच्या खणात किंवा शिध्याच्या जागी वापरू नये.

मासळी व बर्फाचा खण : साबणाच्या पाण्याने घासून वरीलप्रमाणे ब्लीचिंगचे पाणी लावावे व भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. हंगाम सुरू होताना १०० लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर (३० टक्के क्लोरीन असलेली) घालून खण पुन्हा धुवावा व स्वच्छ पाण्याने खंगाळावा. येथे टाकणखार, फिनेल किंवा काजूच्या टरफलाचे तेल वापरू नये.

गाद्या व पडदे : धुता येणारे कापड गरम साबणाच्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. फोमच्या गादीत आतपर्यंत बुरशी शिरली असेल तर ती टाकून द्यावी. ती वरून पुसून उपयोग होत नाही.

लाइफ जॅकेट : सौम्य साबणाच्या पाण्याने हाताने धुवावे, ब्लीचिंग वापरू नये. सावलीत हवेशीर जागी टांगून वाळवावे. नंतर प्रत्येक पट्टा, कडी व शिवण ओढून पाहावी. शंका आल्यास जॅकेट बदलावे.

हे कटाक्षाने टाळावे

ब्लीचिंगचे पाणी व्हिनेगर, संडास साफ करण्याचे आम्ल किंवा अमोनिया यांच्यात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो आणि केबिनसारख्या लहान जागेत तो जीवघेणा ठरतो. तसेच ओल घालविण्यासाठी बंद केबिनमध्ये निखाऱ्याची शेगडी ठेवू नये. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साठतो आणि डिझेलच्या अवशेषांमुळे आगीचाही धोका असतो.

वाळवणे आणि तपासणी

धुतल्यानंतर दारे, खिडक्या व झाकणे उघडी ठेवून पंख्याने हवा खेळती ठेवावी. पावसाची उघडीप साधून हे काम करावे. लाकूड वाळल्यावर फळ्यांचे सांधे, वाक व खिळ्यांभोवतीची जागा दाभणाने टोचून पाहावी. दाभण सहज आत गेले तर तेथे लाकूड कुजले आहे असे समजावे. तेथे रंग न देता सुताराकडून फळी बदलून घ्यावी. इतर लाकूडही पूर्ण कोरडे झाल्याशिवाय रंगवू नये.

पुढील वर्षीसाठी

१. मे महिन्याच्या अखेरीस, ऊन असतानाच, नौका आतून गोड्या पाण्याने धुऊन दोन-तीन दिवस वाळवावी. मासळीचा एकही अवशेष राहू देऊ नये.

२. गाद्या, जॅकेट व दोर नौकेत न ठेवता घरी कोरड्या जागी टांगावेत.

३. तळाचे बूच काढून ठेवावे म्हणजे पाणी साचणार नाही. नौका पाण्यात सोडण्यापूर्वी ते बसविण्यास विसरू नये.

४. शाकारताना झाप किंवा प्लॅस्टिक नौकेला घट्ट चिकटवू नये. मध्ये साधारण फूटभर अंतर ठेवावे आणि दोन्ही टोकांना हवा जाण्यास जागा सोडावी. छपराखाली झाकणे थोडी उचलून ठेवावीत. घट्ट झाकलेल्या नौकेत आतली वाफ आतच राहते.

५. दर आठ दिवसांनी, उघडीप पाहून, एक फेरी मारावी. दार उघडावे, गळती पाहावी व नवा ठिपका दिसताच पुसून काढावा.

लावणीच्या धांदलीत ही फेरी चुकते, हे खरे आहे. तथापि आठवड्यातील हा अर्धा तास ऑगस्टमधील चार दिवसांची मेहनत आणि सुताराचा खर्च वाचवितो. बागायतदार व मच्छीमार बंधूंनी यंदा शाकारणी करताना हवेसाठी वाट ठेवावी, म्हणजे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून नौका कोरडी, स्वच्छ व भरवशाची अशी समुद्रात सोडता येईल.