वाळवीची कुळे

अडगळीतली जुनी पेटी उघडावी आणि आतल्या कागदपत्रांचा भुगा हाती यावा, असा प्रसंग पुष्कळ घरांत आलेला असतो. वाळवी म्हणजे लाकडाचा व कागदाचा काळ, एवढीच तिची ओळख मग मनात राहते. परंतु जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जाती आहेत आणि घरादाराला किंवा पिकांना उपद्रव देणाऱ्या त्यांपैकी थोड्याच. बाकीच्या रानातच जन्मतात व रानातच मरतात.

नागपूरच्या उत्तरेस पेंचचे सागवनी अरण्य आहे. उन्हाळ्यात तेथील झाडे निष्पर्ण होतात, जमीन तापून भेगाळते. अशा कोरड्या रानात वाळवी चक्क शेती करते! वारूळ मुंग्या बांधतात असे पुष्कळांस वाटते; ते खरोखर वाळवीचे काम. कामकरी वाळवी वाळलेली पाने व काटक्या खाऊन येते, आपल्या विष्ठेचे सच्छिद्र गड्डे वारुळात रचते आणि त्यांवर बुरशी वाढविते. काष्ठ पचविण्याचे अवघड काम ही बुरशी करते व वाळवीला आयते अन्न मिळते. बाहेर ऊन रणरणत असता वारुळात ओलावा टिकतो, म्हणून हे पीक जगते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या वारुळावर उगवतात. विदर्भातील लोक त्यांना सात्या म्हणतात व आवडीने खातात.

अस्वलाला मात्र छत्र्यांशी कर्तव्य नसते. ते नखांनी वारूळ उकरते, फुंकर मारून माती उडविते आणि आतली वाळवी मोठा आवाज करीत ओढून घेते. त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. ती फट येथे उपयोगी पडते.

पेंचमध्ये पाऊस चार महिन्यांचा. जेथे तो जवळजवळ वर्षभर पडतो, त्या सदाहरित अरण्यांत वाळवीची कुळे कितीतरी अधिक आढळतात. बोर्निओ बेटावर एक वाळवी झाडांच्या सालींवर वाढणारे, मसाल्यातील दगडफुलासारखे थर खरडून आणण्यासाठी उघड्यावर रांगेने चालते. कोणी पडलेले ओंडके पोखरते, तर कोणी नुसती माती खाते व तीतील कुजलेल्या पाल्यावर जगते. आफ्रिकेतील कॅमेरूनच्या अरण्यात मातीखाऊ जातींचाच भरणा अधिक. त्यांना सावली आणि ओल लागते. अरण्य तोडले की त्याच आधी नाहीशा होतात. लाकूड खाणाऱ्या जाती पुष्कळ अंशी टिकून राहतात. निरुपद्रवी वाळवी जाते व ओंडके पोखरणारी उरते, असा हा उफराटा न्याय!

बोर्निओत शास्त्रज्ञांनी अरण्याच्या काही तुकड्यांत वाळवी मुद्दाम कमी केली व काही तुकड्यांत तशीच राहू दिली. २०१५-१६ मध्ये तेथे अवर्षण पडले. जेथे वाळवी राखली होती, तेथे तिची संख्या दुपटीहून अधिक वाढली. तेथील माती अधिक ओलसर राहिली, पालापाचोळा लवकर कुजला आणि झाडांची रोपे सुमारे दीडपट जगली. पुढे पाऊस नेहमीसारखा पडू लागला, तेव्हा दोन्ही तुकड्यांत फारसा फरक दिसला नाही.