ओढणं सोपं, पेलणं अवघड

आमच्याकडे पिकअप आल्यापासून डेन्व्हरच्या आसपासच्या मराठी घरांत कुणी कॅम्पिंगच्या ट्रेलरचं नाव काढलं की फोन आमच्याकडे येतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती ओढते?' माझ्या मते हा प्रश्न पाचवा-सहावा असायला हवा. त्याआधी जे विचारायला हवं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे फोनवर तेच तेच सांगायला नको.

१. जाहिरातीतला आकडा तुमच्या कुटुंबाचा नसतो.

अकरा हजार पौंड, तेरा हजार पौंड, म्हणजे पाच ते सहा टन. आकडे खोटे नसतात. जे२८०७ नावाचं एक प्रमाण आहे. त्यात गाडीला ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा ११.४ मैलांचा चढ, ऐन उन्हाळ्याच्या तापमानात, एसी पूर्ण चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न येता चढावा लागतो. चाचणी कडकच आहे. पण त्या हिशोबात गाडीत माणसं किती, तर ड्रायव्हर आणि शेजारी एक, दोघंही दीडशे-दीडशे पौंडांचे, म्हणजे ६८ किलोंचे. मागची सीट रिकामी. मुलं नाहीत, आजी नाही, हौद्यात सायकली नाहीत, चिवड्याचा डबासुद्धा नाही. दोघांनीच फिरायचं असेल तर तो आकडा खुशाल धरून चाला.

२. ड्रायव्हरचं दार उघडा आणि तिथलं लेबल वाचा.

दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं एक लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये, असा एकच आकडा त्यावर छापलेला असतो. याला पेलोड म्हणतात. तो मॉडेलचा नसून त्याच एका गाडीचा असतो. शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, दिसायला जुळ्या अशा दोन पिकअपमध्ये तीन-चारशे पौंडांचा फरक सापडतो, कारण एकीला काचेचं छप्पर, मोठी चाकं आणि फोर व्हील ड्राइव्ह असतं. प्रत्येक हौसेचं वजन या आकड्यातून वजा होतं. सेल्समन छपराबद्दल बोलत असताना मी दारं उघडून लेबलांचे फोटो काढत फिरले. त्याला ते विचित्र वाटलं असणार.

आता आमचं गणित सांगते. लेबलवर १,४८० पौंड. नवरा, मी आणि दोन मुलं मिळून ५३० पौंड. ट्रेलर भरल्यावर ६,००० पौंडांचा होतो. त्यातलं दहा ते पंधरा टक्के वजन ट्रेलरच्या दांड्यातून पिकअपच्या मागच्या जोडणीवर, म्हणजे हिचवर टेकतं. त्याला टंग वेट म्हणतात, आणि ते पेलोडमध्ये धरायचं असतं. हेच नेमकं लोक विसरतात. तेरा टक्के धरले तर आमचं ७८० पौंड येतं. हिचचं स्वतःचं लोखंड ८० पौंड. बेरीज १,३९०. उरले ९० पौंड, म्हणजे ४१ किलो. त्यात कूलर आणि मुलांच्या सायकली.

आमची गाडी कागदावर अकरा हजार पौंड ओढते. म्हणजे ओढण्याची ताकद अर्ध्याहून थोडीच जास्त वापरली, तोवर पेलण्याची संपत आली. कुटुंबाच्या पिकअपमध्ये बहुतेक वेळा असंच होतं. इंजिन कमी पडत नाही, मागच्या स्प्रिंगा, टायर आणि ॲक्सल आधी हात टेकतात.

ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं 'ड्राय वेट' तर या हिशोबात धरूच नका. त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, अंथरुणं नाहीत, अनेकदा बॅटरीही नाही. चाळीस गॅलनची टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांहून जास्त पाणीच झालं. ट्रेलर जास्तीत जास्त किती भरता येतो तो आकडा घ्यायचा आणि त्याच्या तेरा टक्के काढायचे.

३. मग थोरली गाडी का नाही?

२५०, २५०० अशा क्रमांकांच्या हेवी ड्यूटी पिकअप दीडपट-दुप्पट पेलतात हे खरं. पण रिकाम्या चालवल्या की खड्ड्याखड्ड्याला उसळतात, चढायला उंच असतात, आणि दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन पट्ट्यांत मावत नाहीत. डिझेल इंजिन घेतलं तर त्याचंच वजन पेलोडमधून बरंच काही खाऊन टाकतं. वर्षातले बहुतेक दिवस आमची गाडी शाळा, ऑफिस, भाजी हेच करते. म्हणून आम्ही गाडी मोठी घेण्याऐवजी ट्रेलर लहान घेतला. मुलांना दोन मजली पलंग हवे होते, ते मिळाले. बाहेरचं दुसरं स्वयंपाकघर मला नको होतं, ते वाचलं. पिकअप आधी घेऊन तिच्या मापाचा ट्रेलर नंतर शोधा, असं बरेच जण सांगतात. मी उलट सांगते. झोपणार किती जण आणि कसे, हे आधी ठरवा. त्यावरून ट्रेलर ठरतो आणि ट्रेलरवरून पिकअप.

४. साडी नेसून चढता येतं का ते बघा.

दर उन्हाळ्यात साताऱ्याहून सासू-सासरे येतात. आईंचे गुडघे दुखतात. टेस्ट ड्राइव्हला मी त्यांनाच नेलं. एका गाडीला पायरी होती, पण धरायला मागच्या दाराजवळ मूठ नव्हती. दुसरीला मूठ होती, पण पायरी इतकी अरुंद की चप्पल तिरकी ठेवावी लागत होती. तिसऱ्या गाडीत त्या कुणाचा हात न धरता चढल्या आणि म्हणाल्या, 'ही बरी आहे, पण रंग काही खास नाही.' त्याच मॉडेलचा दुसरा रंग घेतला.

केबिन चार पूर्ण दारांची, म्हणजे क्रू कॅबच हवी. मागची अर्धी दारं असलेली केबिन मुलं वाढली की निरुपयोगी होते. पुढे दोन खुर्च्यांऐवजी सलग बाक मिळत असेल तर सहा जण बसतात. मधल्या जागेवर लांबचा प्रवास कुणी करू नये, पण विमानतळावरून घरापर्यंत ती उपयोगी पडते. मुलांची कार सीट असेल तर ती सोबत नेऊन लावून बघा. बऱ्याच पिकअपमध्ये तिचा वरचा पट्टा मागच्या सीटमागच्या एका फासातून ओवून शेजारच्या फासाला अडकवावा लागतो. मोटारीची सवय असलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही, आणि पट्टा नुसता लोंबत राहतो.

५. गॅरेज मोजा.

क्रू कॅब आणि साडेपाच फुटी हौदा असलेली पिकअप साधारण २३२ इंच लांब असते. साडेसहा फुटी हौदा घेतला की २४३-२४४ इंच. आमचं गॅरेज वीस फुटी, म्हणजे २४० इंच. एका फुटाच्या फरकाने गाडी आत की बर्फात, हे ठरलं. लांब गाडी ट्रेलर ओढताना जास्त स्थिर चालते हे मान्य, पण कोलोरॅडोतल्या हिवाळ्यात सकाळी काच खरवडायची माझी तयारी नव्हती. लांबलचक सामान असलं की फाळका उघडा ठेवतो.

६. इंजिन निवडताना समुद्रसपाटी विसरा.

साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्क्यांनी घटते, कारण हवा विरळ होते. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर. तिथे तुमच्या चारशे हॉर्सपॉवरमधले एकतृतीयांश घोडे घरीच राहिलेले असतात. टर्बो इंजिन हवा दाबून आत घेतं, त्यामुळे त्याचं नुकसान बरंच कमी. व्ही-८ चा आवाज माझ्या नवऱ्याला अजून स्वप्नात ऐकू येतो, पण गाडी टर्बो सहा सिलिंडरचीच आली. ह्यूस्टनला राहत असतो तर मी एवढा वाद घातला नसता.

एक बारीक गोष्ट, जी सेल्समन आपणहून सांगत नाही, ती म्हणजे मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर. एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांत एकीचं ३.२१ आणि दुसरीचं ३.९२ असू शकतं, आणि तेवढ्यावर ओढण्याच्या क्षमतेत दोन-तीन हजार पौंडांचा फरक पडतो. मोठा आकडा म्हणजे ओढायला बरं, पेट्रोलला वाईट.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर, रिकामी गाडी गॅलनला वीस मैल देते, ट्रेलर लावला की दहाच्या खाली. त्यात वजनापेक्षा ट्रेलरच्या उभ्या सपाट तोंडावर आदळणारा वारा जास्त खातो. वायोमिंगमध्ये समोरून वारा असेल तर आकड्याकडे बघूच नये.

७. चढापेक्षा उताराचा विचार करा.

सासरे एसटीत ड्रायव्हर होते. वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट त्यांनी उभ्या हयातीत किती वेळा उतरला असेल ते त्यांनाच ठाऊक. इथे आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार मैलोन्‌मैल चालतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांना घुसता यावं म्हणून बाजूला खडीचे चढ करून ठेवले आहेत. ते पाहून बाबा म्हणाले, 'सूनबाई, ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही.' आजच्या पिकअपमध्ये टो-हॉल नावाचं बटण आहे, ते हेच काम करतं. गिअर खाली ठेवतं, इंजिन गाडीला आवरून धरतं. बाबांना बटण दाखवलं. त्यांनी ते दोनदा दाबून पाहिलं, पण विश्वास मात्र आवाजावरच ठेवला. खिडकी थोडी खाली करून इंजिन ऐकत बसले.

ट्रेलरला स्वतःचे विजेवरचे ब्रेक हवेत, आणि ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर गाडीत कंपनीनेच बसवलेला असेल तर उत्तम. अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत.

८. हिचजवळ घाई करायची नाही.

हिचचे गोळे १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंचांचे मिळतात. मोठ्या मापाचा ट्रेलर दोन इंची गोळ्यावर बसतो, बसल्यासारखा दिसतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उडून सुटतो. माप गोळ्यावर कोरलेलं असतं. साखळ्या दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे दांडा सुटलाच तर त्या झोळीत पडतो. ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार साखळीला न अडकवता थेट गाडीला अडकवायची. ट्रेलरच्या टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा, आठवडा आणि वर्ष. ट्रेलर उभा राहून राहून टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच घ्याच. ती मागच्या चाकांवरचा थोडा भार पुढच्या चाकांकडे ढकलते, त्यामुळे स्टिअरिंग हलकं पडत नाही. मात्र लेबलवरचा आकडा त्याने वाढत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

९. जड सामान पुढे.

गणपतीत मंडळाचं सामान न्यायला भाड्याचा बंद ट्रेलर घेतात. एका वर्षी स्टेजच्या फळ्या आधी उतरवायच्या म्हणून स्वयंसेवकांनी त्या सर्वात शेवटी, अगदी दाराशी भरल्या. पुढे मखराचं थर्माकोल आणि ढोल. हिचवर भारच उरला नाही. हायवेवर साठच्या वेगाला ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. चालवणाऱ्याने ब्रेक दाबला नाही, ॲक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. तो शांत डोक्याचा माणूस होता म्हणून बरं. पुढच्या एक्झिटला उतरून सगळ्यांनी फळ्या ॲक्सलच्या पुढे हलवल्या. साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्यात, इतकं पाळलं तरी पुरे.

१०. 'वहिनी, हायलक्स का नाही घेत?'

पुण्याचा दीर दर फोनला विचारतो. भारतात हायलक्स ही पिकअप २०२२ पासून मिळते. इथे मिळत नाही. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात बसवली म्हणून चिडून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी बनावटीच्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के कर लावला, आणि कोंबड्यांचं भांडण मिटलं तरी तो कर राहिला. त्यामुळे परदेशी कंपन्याही पिकअप इथल्यासाठी वेगळ्या आणि याच खंडात बनवतात.

११. सगळ्यांना बसवून वजन करा.

हायवेवरच्या ट्रकथांब्यांवर कॅट स्केल असतो. पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर अशी तीन वजनं वेगवेगळी छापून मिळतात. प्रत्येक ॲक्सलची मर्यादा दाराच्या चौकटीवरच दुसऱ्या लेबलवर असते, ती ताडून बघायची. पाण्यासह, सामानासह आणि माणसांसह. आई म्हणाल्या, 'मी खाली उतरून उभी राहते, माझं वजन कशाला सगळ्यांना कळायला हवं?' त्यांना समजावलं की कागदावर माणसाचं वजन वेगळं येत नाही.

सहा जणांचा हिशोब आम्ही घेण्याआधीच केला होता. ट्रेलर जोडून सहा जण बसले तर १९० पौंडांनी जास्त होतं, आणि काट्यानेही साधारण तेच सांगितलं. म्हणून ग्रेट सँड ड्यून्सला जाताना बाबा, नवरा आणि मुलगा पिकअपमध्ये, तर आई, मुलगी आणि मी मागून छोट्या गाडीत. केनोशा पासच्या घाटात मला ट्रेलरचे दिवे लागतात की नाही ते दिसतं, आणि मुक्कामावर पोचल्यावर दूध आणायला ट्रेलर सोडवावा लागत नाही. मेसा व्हर्देत तर मोरफील्ड कॅम्पग्राउंडच्या पुढे ट्रेलर न्यायलाच परवानगी नाही. तिथे छोटी गाडी सर्वांना हवी होती.