काळं घासू नका

वऱ्हाडात जुनी गुडगुडी विकायला येते ती बहुधा गुडगुडी म्हणून येत नाही. लाकडी नळी कधीच मोडलेली असते, वरची चिलीम फुटलेली असते, उरतो तो पाण्याचा तळ. त्याला कुणी फुलदाणी म्हणतं, कुणी दिव्याची बैठक. अचलपूर, बाळापूर, कारंज्याकडच्या वाड्यांतून असे तळ अजूनही अधूनमधून निघतात, आणि त्यात एखादा बिदरी कामाचा असतो. यात नवल नाही; १८५३ पर्यंत आमच्या मुलखाचा कारभार निजामाकडे होता, बिदरही त्याच्याच राज्यात, तेव्हा तिथला माल इकडे यायचाच.

चिलमी, गुडगुड्या आणि साहेबी पाईप जमवायचा हा नाद मला कसा लागला ते सांगत बसत नाही. अकोला-अमरावतीकडे नव्याने या वाटेला लागणाऱ्यांना पहिली सूचना एवढीच, की घासलेला माल सोडून द्या.

मी घेतलेला पहिला बिदरी तळ विकणाऱ्याने आधीच चिंच आणि राख लावून घासून ठेवला होता. "भाऊ, अख्खं काळं काढलं पाहा, दोन दिवस खपलो," असं त्यानं कौतुकानं सांगितलं आणि त्या मेहनतीचेही पैसे लावले. समोर होती राखाडी, खरबरीत, फिकट वस्तू. तिच्यावर चांदीची खसखशीची फुलं होती, पण जवळ नेऊन पाहिल्याशिवाय दिसत नव्हती. घडण चांगली होती म्हणून घेतला. तो अजून तसाच आहे.

ते काळं म्हणजे मळ नव्हता. बिदरी वस्तू ओततात जस्तात. तांबं त्यात अगदी थोडं, साधारण सोळास एक. ओतल्यावर कानशीने घासून तिला मोरचुदाचं पाणी लावतात, म्हणजे काळ्या अंगावर कोरलेली रेघ दिसते. मोरचूद वरुड-मोर्शीच्या संत्रेवाल्यांना सांगायला नको. कोरलेल्या खाचांत चांदी ठोकून बसवली, की मोरचुदाचा रंग काढून टाकतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप गरम केलेल्या वस्तूवर चोळतात. जस्ताचा अंश काळाभोर होतो, चांदी पांढरीच राहते. सगळा खेळ या शेवटच्या हाताचा. चिंचेचं आंबट तो लेप उतरवतं आणि खालचं जस्तही खातं. दोन दिवसांत ती कारागिरी गेली ती गेली. खोबरेल तेलाचा एक थेंब आणि मऊ फडकं, याच्या पुढे बिदरीला काही लावायचं नाही. चांदी थोडी मळकटली तर मळकटू द्या.

उलट प्रकारही होतो. एका आठवडी बाजारात मला काळाकुट्ट तळ दाखवला गेला. ओल्या रुमालाने पुसला तर रुमाल काळा झाला. खालून ॲल्युमिनियम निघालं. खरा काळा रंग रुमालाला लागत नाही, वस्तू आकाराच्या मानाने जड लागते, आणि चुंबक तिला चिकटत नाही. आकारही बोलतो: चेंडूसारखा गोल, कड्यावर ठेवावा लागणारा तळ सहसा आधीचा, पसरट बुडाचा घंटेच्या घाटाचा त्यानंतरचा. डोळा तयार करायचा तर पैसे खर्चण्याआधी पुण्याचं राजा केळकर संग्रहालय आणि हैदराबादचं सालारजंग संग्रहालय निवांत पाहा.

पाईपचं दुखणं निराळं. ते आपल्याकडे आले साहेब आणि कापसाच्या व्यापाऱ्यांबरोबर. वाटी ब्रायरच्या, म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीची. दांडी गंधक घातलेल्या कडक रबराची. उजेडात ती रबरी दांडी हिरवट-तपकिरी पडते आणि तिला गंधकाचा वास मारतो. तिच्यापुरतं घासलं तर चालतं. पण पॉलिशवाल्याच्या चाकावर पाईप चढवला, की लाकडावरचा ठसा आणि चांदीच्या कड्यावरचे सिंह, नांगर, सालाचं अक्षर, सगळं पुसट होतं. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. हे ठसे गेले, की वस्तू कुठली न् कधीची हे कुणी सांगू शकत नाही.

वाटीतली काजळी चाकूने खरवडू नये, गोल भोक लांबट होतं. आतला जुना वास काढायला मात्र आमच्याकडचाच उपाय आहे: वाटीत सरकी काढलेला कापूस भरायचा, त्यावर थेंबथेंब स्पिरिट सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी कापूस चहासारखा तपकिरी झालेला असतो. स्पिरिट बाहेरच्या लाकडाला लागू देऊ नका, पॉलिश उतरतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा पाईप कूलरच्या झोतात किंवा खिडकीत ठेवू नका. ओल आणि झळ आलटून-पालटून बसली की ब्रायर तडकतो.

ओढता का, असं हमखास विचारतात. नाही ओढत. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी तोंड उघडेना झालेली माणसं ओळखीत असताना तंबाखूचं कौतुक मला जमत नाही. तिरप्या उन्हात बिदरीवरची पानं उमटताना पाहणं, दांडी पुन्हा काळी झालेली पाहणं, एवढी मजा मला पुरते.

कायद्याचंही भान हवं. हस्तिदंती मुखनळी कितीही देखणी असली तरी तिची खरेदी-विक्री गुन्हा आहे. सांबरशिंगाचंही तेच, आणि मेळघाट जवळ असल्याने ते आपल्याकडे जरा जास्तच दाखवलं जातं. १९७२च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू पुरावस्तू ठरते. ती परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवता येत नाही.

आणि ज्यांच्या माळ्यावर आजोबांची गुडगुडी पडून आहे त्यांना विनंती: दिवाळीच्या साफसफाईत ती भांड्यांबरोबर घासायला टाकू नका, भंगारात किलोवर देऊ नका. आहे तशी तिचे फोटो काढा, घरातल्या जाणत्या माणसाला ती कुणाची, कुठून आली ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून तिच्यापाशी ठेवा. विकायची असेल तर त्यानंतर विका.