प्रवाळ : समुद्राचा ठेवा आणि घरातील शोभा

(पाठ-टिपण : इयत्ता पाचवी ते सातवी. विषय : परिसर अभ्यास व नागरिकशास्त्र)

पाठाचा हेतू : प्रवाळ हा दगड नसून सजीव सृष्टीचा भाग आहे, हे विद्यार्थ्यांस समजावे; त्याच्या संरक्षणाचा कायदा त्यांस ठाऊक व्हावा; आणि कायद्याच्या मागे उभा असलेला नीतीचा विचार त्यांनी स्वतः करावा.

प्रस्तावना

किनाऱ्यालगतच्या शाळांतील निसर्गकोपऱ्यात शंखशिंपल्यांच्या ओळीत कधी कधी एखादा पांढरा, सच्छिद्र, फुलकोबीसारखा खडा मांडलेला असतो. शहरातील काही घरांत तोच खडा काचेच्या मत्स्यालयात शोभेसाठी ठेवतात. काही हौशी मंडळी तर जिवंत प्रवाळ पाळू पाहतात. हा खडा कोठून येतो, तो आणण्याचा अधिकार कोणाला आहे, व अधिकार असला तरी तो आणणे योग्य आहे काय, या तीन प्रश्नांभोवती शिक्षकांनी हा पाठ गुंफावा.

विषयविवेचन

प्रवाळ म्हणजे अतिशय लहान, मऊ शरीराच्या प्राण्यांची वसाहत होय. प्रत्येक प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन आपल्याभोवती कठीण घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा प्रवाळास देते. प्रवाळ त्यास आसरा देतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले म्हणजे हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि ती अवस्था लांबल्यास मरतो. म्हणून खड्याचा पांढरा रंग हा त्याचा स्वाभाविक रंग नव्हे. मृत प्रवाळाचा तो केवळ सांगाडा असतो.

गोलाकार वाढणारे प्रवाळ वर्षास साधारणतः १ सेंटीमीटरच्या आसपास वाढतात. समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळखडकांनी व्यापलेला आहे. तरीही समुद्रातील सुमारे एक चतुर्थांश जीवजाती त्यांच्या आश्रयाने राहतात. भारतात मन्नारचे आखात, कच्छचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही प्रवाळांची मुख्य ठिकाणे होत. महाराष्ट्रात मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातही प्रवाळ आढळतात. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले.

अंगठीत घालतात ते तांबडे पोवळे निराळ्या जातीचे असून ते पूर्वापार भूमध्य समुद्रातून येत आले आहे. हा भेद मुलांस अवश्य सांगावा.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला. २००१ साली खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, वेणुप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा त्याच्या पहिल्या अनुसूचीत समावेश करण्यात आला. वाघास जे संरक्षण आहे, तेच या मूक प्राण्यांसही मिळाले. त्यांना समुद्रातून काढणे व त्यांचा व्यापार करणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा आहे. मृत सांगाडाही या नियमातून सुटत नाही. ‘इंद्रजाल’ या नावाने, वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाणारी जाळीदार वस्तू पुष्कळदा समुद्रपंखा किंवा काळे प्रवाळ असते. ती भिंतीवर लावणाऱ्या घरास याची कल्पनाही नसते.

खडक बांधणाऱ्या प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटिस’ या कराराचे नियंत्रण आहे. भारत १९७६ पासून या कराराचा सदस्य आहे.

नीतीचा विचार

येथे मुले तीन आक्षेप घेतील. शिक्षकांनी ते दाबू नयेत.

पहिला आक्षेप : एकाने एक तुकडा घेतल्याने काय बिघडते? उत्तर सोपे आहे. ओंजळीएवढा गोल तुकडा वाढण्यास दहा वर्षांच्या घरात काळ लागतो आणि छिन्नीच्या एका घावाने तो निघतो. शिवाय ‘मी एकटाच’ असे म्हणणारे पुष्कळ असतात.

दुसरा आक्षेप : समुद्र तापल्यामुळे १९९८ व २०१६ साली जगभर असंख्य प्रवाळ मेले, त्यापुढे हौशी माणसाचा दोष तो किती? संकटाचे हे मोजमाप खरे आहे. परंतु आजारी माणसाच्या घरी चोरी करणाऱ्याने त्याच्या आजाराकडे बोट दाखवून सुटका मागू नये. दुबळ्या झालेल्या खडकास तर अधिकच जपावयास हवे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : किनाऱ्यावरील गरिबांच्या पोटाचे काय? इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया या देशांत ठरावीक मर्यादेत प्रवाळ काढण्यास परवानगी मिळते, आणि लहान तुकड्यांपासून प्रवाळाची शेतीही करतात. जेथे गावास त्यातून रोजगार मिळतो, तेथे खडक राखण्याचे कारणही गावास मिळते, हे नाकारता येणार नाही. मात्र मर्यादा कोण मोजतो व ती कोण पाळतो, यावर सारे अवलंबून असते. भारतात कायद्याने हा मार्ग बंद ठेवला आहे. आणि खडक उजाड झाला तर मासळी घटून झळ प्रथम कोळ्याच्याच घरास लागते.

वर्गातील प्रसंग

पाठानंतर एखादा विद्यार्थी घरातील प्रवाळ मोठ्या अभिमानाने शाळेत आणील. अशा वेळी त्यास चोर ठरवू नये, आणि तो तुकडा निसर्गकोपऱ्यातही मांडू नये. प्रथम त्याच्या निरीक्षणाचे कौतुक करावे. तो तुकडा केव्हा व कोठे मिळाला, हे शांतपणे विचारावे. मुख्याध्यापकांनी पालकांस विश्वासात घेऊन वनखात्यास विनाविलंब कळवावे. अशी वस्तू हाती आल्यास ४८ तासांच्या आत खबर देण्याची तरतूद कायद्यात आहे. त्या मुलाकडून प्रवाळाचे चित्र व मातीची प्रतिकृती करवून घ्यावी आणि त्याच्या नावासह कोपऱ्यात ठेवावी. मुलाचा मान राहतो, कायदाही राहतो, आणि पुढच्या मुलास प्रतिकृती पाहून मूळ वस्तू कोठे असावयास हवी हे कळते.

स्वाध्याय

१. प्रवाळ आणि शैवाल एकमेकांस कसे उपयोगी पडतात?
२. मृत प्रवाळासही कायद्याचे संरक्षण का असावे? दोन कारणे द्या.
३. एका देशात चालणारी गोष्ट दुसऱ्या देशात गुन्हा ठरते. प्रवाळाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. घरातील वडीलधाऱ्यांस ‘इंद्रजाल’ म्हणजे काय ते समजावून सांगा व त्यांचे म्हणणे पाच ओळींत लिहून आणा.